वाऱ्याशी वैर

आमच्या बीड जिल्ह्यात भांडखोर माणसांची टंचाई कधीच नव्हती. पण थेट वाऱ्याशी भांडण मांडून बसलेला माणूस एकच, आणि तो लग्नाबरोबर माझ्या वाट्याला आला. माझे मामेसासरे. पाटोद्याच्या बाजारात त्यांचं पत्र्यांचं दुकान होतं. पत्रा विकण्याआधी तो कसा उडतो हे ते इतकं रंगवून सांगायचे, की निम्मी गिऱ्हाइकं हात जोडून निघून जायची. उन्हाळ्यातल्या वावटळीला ते खिजगणतीत धरत नसत. ती तापल्या मातीतून उठते, पाचोळा नाचवते आणि दमते. त्यांचं खरं वैर हिवाळ्यातल्या, ढगातून उतरणाऱ्या भोवऱ्याशी. खालून समुद्राकडची उबदार, ओली हवा येते, वरून थंड, कोरडा वारा दुसऱ्याच दिशेनं सुसाट जातो. मधली हवा आडवी वळली जाते, आणि खालची ऊब वर उसळली की ती वळकटी उभी राहते. हे समजावताना ते हाताला लागेल ती वस्तू दोन तळव्यांत वळायचे. दिवाळसणाला माझी नवी टोपी वळली. ती पुन्हा टोपी झाली नाही.

हिवाळ्यात आभाळ येऊन दुपार अवेळी उबली, की त्यांचे हुकूम सुटत. पत्रे हुकानं आवळा, माणसं बिनखिडकीच्या खोलीत न्या, डोक्यावर गोधड्या घ्या, आणि सगळ्यात आधी पत्र्यावरचे दगड खाली घ्या. "वारं पत्रा नेतं अन् दगड तुमच्या डोक्यात ठिवून जातं," म्हणायचे. आता पत्र्यावर दगड ठेवणं हा आमच्याकडचा वडिलोपार्जित शहाणपणा. माझ्या छपरावर तर फुटक्या जात्याची अख्खी तळी, म्हणजे खालचा जड दगड, होती. तिचा मला अभिमान होता.

माघात चकलांब्याला, आमच्या दारात, लेकीचं लग्न होतं. मामा आले, उत्तरेच्या ढगाकडे पाहिलं आणि म्हणाले, मांडव उतरवा. अक्षता पडायच्या आधी मांडव उतरवायचा म्हणजे अपशकुनच. विहीणबाईंनी सांगून टाकलं, मांडव मोडला तर आमी नवरदेव माघारी नेतो. दोघांचंही मन राखावं म्हणून मी शिडी लावून छपरावर आणखी दोन दगड चढवायला गेलो.

मामा तोवर विळा घेऊन दोरीपाशी उभे. "इहीणबाई, न्यायचा तर न्या नवरदेव. पण मी हाय तवर ह्या कापडाखाली कुणी बसायचं न्हाई." आणि दोरी कापली. मांडव कोसळला तो नेमका शिडीवरून उतरणाऱ्या माझ्यावर. मी आत चाचपडू लागलो. मग मामांना विचारणारा लेकीचा आवाज आला. तिनं भटजींच्या हातून अंतरपाट घेतला होता. "आबा, कुठं धरायचा सांगा."

ती शेजारच्या स्लॅबच्या घरात शिरली, मागून नवरदेव गेला, वऱ्हाड गेलं, शेवटी मला सोडवून नेलं. विहीणबाई मात्र दारात हटून उभ्या होत्या; पहिली गार पायाशी फुटली तेव्हा आत आल्या. मग तो भोवरा आला. मालगाडीसारखा आवाज, आणि माझं छप्पर कागदासारखं गेलं. आत ज्वारीच्या पोत्यांना टेकून, गारांपेक्षा वरचढ आवाजात आम्ही मंगलाष्टकं म्हणून घेतली. मामांचा सूर सगळ्यांत बेसूर आणि सगळ्यांत मोठा.

बाहेर आलो तर माझी जात्याची तळी बोहल्याच्या मधोमध रुतलेली. विहीणबाईंनी ती पाहिली आणि मामांच्या पाया पडल्या. मी नजर चुकवत शिडी शोधत राहिलो.

आता मामा परळीला मुलाकडे असतात, पक्क्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खिडकीत बसून वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर कुठल्या बाजूला कलतो ते बघतात. मागे भेटलो तेव्हा म्हणाले, "इथं उडून जाण्यासारखं काहीच न्हाई, जावईबापू."

म्हणून माघ लागला की मीच फोन करतो. आमच्याकडचं आभाळ जरा फुगवून सांगतो. पलीकडचा आवाज ताठ होतो. "दगड खाली घेतले का?"

केव्हाच घेतलेले असतात. तरी मी म्हणतो, राहिलेत, मामा. तुम्ही या.