धूप फिरेपर्यंत

आमच्या दाराच्या उंबऱ्यात रोज सकाळी वाळू साचते. झाडावी, ओंजळभर बाहेर टाकावी, संध्याकाळी परत तेवढीच. किश्शांचंही तसंच झालंय. आईला पत्र लिहायला बसले की चार आठवतात, दोन लिहिते, आणि पाकीट चिकटवल्यावर पाचवा येतो. तेव्हा एकदा सगळे झाडून एका ठिकाणी गोळा करावेत म्हटलं.

१९९६ च्या दिवाळीनंतर मी लग्न होऊन इथे आले. लोकांना वाटलं, दुबई. माझ्या मैत्रिणी सोन्याच्या दुकानांबद्दल विचारत होत्या. विमानतळापासून दोन तास डोंगरांतून गाडी चालली, तेव्हा सतीशने हळूच सांगितलं, "तसं हे गाव आहे." दुबईच्या उलट किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या पुढे, दिब्ब्याच्या अलीकडे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सतीशचा खडी-क्रशर, मध्ये खजुराची झाडं आणि शेळ्या.

साताऱ्यात मी शाळेत शिकवत होते. मुख्याध्यापिका बाईंनी माझी जागा जूनपर्यंत राखून ठेवली होती. परतीचं तिकीट कपाटात होतं. सतीश म्हणाला होता, "मेपर्यंत बघ. नाही रमलीस तर जा. मी काही म्हणणार नाही." आणि खरंच, त्याने सहा महिने काहीच म्हटलं नाही. हा त्याचा चांगुलपणा की दोष, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

आम्ही उम्म सईदच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. उम्म सईद म्हणजे सईदची आई. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तिचे वडील गलबतातून खजूर घेऊन मुंबईला जायचे, लहानपणी तीही दोनदा गेली होती, त्यामुळे तिला हिंदी यायची. म्हणजे क्रियापदं तेवढी यायची नाहीत.

पहिल्या दिवशी तिने कॉफीला बोलावलं. इवलासा, कानाशिवायचा पेला, त्यात तळाशी घोटभर वेलचीची कडू कॉफी. मी प्यायले. तिने भरला. मी प्यायले. तिने भरला. नव्या सुनेने "पुरे" म्हणायचं नसतं, वाढणारीचा हात आपोआप थांबतो, असं आईने बजावून पाठवलेलं. इथे हात थांबेना. अकराव्या पेल्याला माझ्या कानांत समुद्र ऐकू यायला लागला.

दुसऱ्या दिवशी क्रशरवरचा फेलिक्स भेटला. फेलिक्स वसईचा, पिकअप चालवायचा, अकरा वर्षं इथे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"वहिनी, पुरे झालं की पेला असा हलवायचा असतो. नुसता द्यायचा नाय. नुसता दिला म्हणजे अजून पाहिजे."

तोवर उशीर झाला होता. हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी मुलीला कॉफी फार आवडते, हे उम्म सईदने गावभर सांगून टाकलं होतं. पुढचे पंधरा दिवस ज्या घरी जाईन तिथे माझ्यासाठी वेगळी किटली!

*

पेल्याचं समजलं तोवर धुपाचं झालं.

गप्पा रंगात आलेल्या. उम्म सईदची सून मरियम मातीच्या धुपाटण्यात निखारे घेऊन आली, वर ऊद टाकला, आणि धूर एकेकीपुढे फिरवायला लागली. बायका तो ओढणीत, केसांत घेत होत्या. माझ्यापुढे आल्यावर माझ्या हातांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. दोन्ही तळवे धुरावर धरले, डोळ्यांना लावले, आणि नमस्कार केला. मग पदर सावरून मांडी घालून नीट बसले. आता प्रसाद येईल.

बाकीच्या बायका उठून निघून गेल्या. मी बसलेलीच. उम्म सईद माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. बऱ्याच वेळाने तिने एक खजूर माझ्या हातावर ठेवला. मी तो कपाळाला लावून खाल्ला. माझी खात्रीच पटली.

फेलिक्सने हा किस्सा ऐकून पिकअप बाजूला घेतली, पोट धरून हसला, मग म्हणाला, "वहिनी, धूप फिरला म्हणजे बैठक संपली. त्याच्यानंतर कोण बसत नाय. तुमच्यात हळदीकुंकू लावल्यावर बाई बसून राहते काय?"

आणि धुपाच्या आधी उठलं तर? तसं कुणी उठत नाही, म्हणाला. यजमानिणीचा अपमान होतो.

त्या दिवसानंतर मी धूर दिसला की सगळ्यांच्या आधी उभी राहायला लागले. पण एक झालं. उम्म सईद धुपाटणं माझ्यापुढे धरताना जरा जास्त वेळ थांबायची. मी तळवे डोळ्यांना लावेपर्यंत.

*

रमजान लागला. रोजा सोडायच्या थोडं आधी शेजारीपाजारी पदार्थ पाठवायची इथे पद्धत. उम्म सईदकडून गुलाबाची फुलं असलेलं इनॅमलचं भांडं आलं. आत गोड शेवया. मी मांसमच्छी खात नाही हे तिने लक्षात ठेवलं होतं.

आता शेजारणीचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? मी साबुदाण्याची खीर भरून दिली. दुसऱ्या दिवशी भांडं परत, आत खजूर. मी शिरा दिला. भांडं परत, आत मधात बुडवलेले गोल भजीसारखे गोळे. संक्रांत मध्येच आली, तिळाच्या वड्या गेल्या. महिना संपला, ईद झाली, भांडं चालूच. मग मला मरियमकडून कळलं की भांडं रिकामं परत करायचं नाही, हा त्यांच्याकडचाही नियम. म्हणजे दोघींनाही थांबता येत नव्हतं.

सतीशचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. एके दिवशी तो भांड्याकडे बघत म्हणाला, "हे आहे कुणाचं?"

मला खरोखर सांगता येईना. आणि खरं म्हणजे दुपारी चारला त्या भांड्याची वाट बघत मी दारात उभी असायची, हे त्याला सांगितलं नाही.

*

मार्चमध्ये मरियमला मुलगा झाला. मी बघायला गेले. काय सुंदर बाळ! मी हिंदीत तोंडभरून कौतुक केलं. नाक, रंग, जावळ. खोली हळूहळू गप्प होत गेली. मरियमने दुपट्याचं टोक बाळाच्या तोंडावर ओढलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे तर आमच्याच घरातलं. माझी आजी बाळ बघून "कसलं काळंबेंद्रं" म्हणते, आणि बाळ दिवसभर मांडीवरून खाली ठेवत नाही. इथे काळंबेंद्रं म्हणायचं नाही, "माशाल्ला" म्हणायचं, एवढाच फरक. मी घाईघाईने चार वेळा म्हटलं. तरी मनाला पटेना. शेवटी उम्म सईदला विचारून तिच्याच सुरमादाणीतलं बोटभर काजळ घेतलं आणि बाळाच्या तळपायाला तीट लावली. तिने बघून घेतलं.

आठ दिवसांनी परत गेले. अंघोळ घातलेलं, स्वच्छ बाळ. तळपायाला ताजी तीट.

*

महिन्यातून एकदा आम्ही बर दुबईला जायचो, देवळात आणि कढीपत्त्याला. एप्रिलमध्ये देवळाच्या गल्लीत पुण्याच्या एक काकू भेटल्या. कुठे राहता विचारलं, सांगितलं. "अगं बाई! तिकडे काय आहे?"

मी तोंड उघडलं आणि शेळ्यांपासून सुरुवात केली. आमच्या अंगणातली तांबडी शेळी पुठ्ठा खाते पण वर्तमानपत्र खात नाही, इथपर्यंत आले तेव्हा काकू घड्याळ बघत होत्या. सतीश माझ्याकडे बघत होता.

गाडीत तो एवढंच म्हणाला, "बाईंचं पत्र आलंय शाळेतून. दहा जूनला हजर व्हायचंय."

"हो," मी म्हटलं. "मी वाचलंय."

त्याने काही म्हटलं नाही. म्हणून मग मीच तिकिटाची तारीख पक्की करून घेतली.

*

मेमधला शेवटचा शुक्रवार. संध्याकाळचं विमान होतं. बॅगा पिकअपमध्ये, सतीश आणि फेलिक्स बाहेर. मी पाच मिनिटांत निरोप घेऊन येते म्हणून आत गेले.

उम्म सईदने भांडं आधी दिलं. तेच, गुलाबाचं. आत खजूर, प्रवासासाठी. मी म्हटलं, भांडं कसं नेऊ, तुझं आहे. ती म्हणाली, "भर के वापस."

मग कॉफी आली. मी प्यायले, पेला हलवला. तिने घेतला आणि गावातल्या बातम्या सांगायला लागली. कुणाची होडी, कुणाचं लग्न. मी धुपाटण्याची वाट बघत होते. मरियम बाळाला घेऊन बसली होती. तिने एकदा कोपऱ्यातल्या धुपाटण्याकडे बघितलं, मग सासूकडे. सासूने मान हलवली, इतकी थोडी की दिसू नये.

बाहेर हॉर्न वाजला.

मी म्हटलं, "उम्म सईद, देर हो रही है. धूप?"

तिने दोन्ही हात पसरले. "कोयला खलास."

दारातून अंगण दिसत होतं. माझ्या चपलांशेजारी कोळशाचं पोतं होतं, तोंड शिवलेलं. कालच सतीशने पिकअपमधून आणून उतरवलेलं.

परत हॉर्न. मग सतीशचा आवाज, दारापासून लांब, बायकांच्या बैठकीपुढे यायचं नसतं म्हणून, "झालं का?"

मी काही म्हणायच्या आत फेलिक्सचा आवाज आला. "साहेब, धूप झाल्याबिगर उठता येत नाय. वहिनींना माहितेय ते."

मग पिकअपचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

उम्म सईदने किटली उचलली. मी पेला पुढे केला. हलवला नाही.