माझ्या बाकावरच्या मुलीवर केलेलं भाषण

दहावीत इंग्रजीच्या सरांनी तोंडी परीक्षेसाठी एक काम दिलं. चार मिनिटं इंग्रजीत बोलायचं आणि ऐकणाऱ्याचं मत बदलवायचं. विषय आपला आपण शोधायचा. वर्गानं तासाभरात विषय वाटून घेतले. झाडे लावा. मोबाईल वाईट. प्लास्टिक नको. ज्यावर कुणाचं दुसरं मतच नव्हतं ते पटवून द्यायला चाळीस जण तयार. मला राग आला. मला तेव्हा रोजच राग यायचा आणि तो मला माझा गुण वाटायचा.

त्याच आठवड्यात सरांनी कमी हजेरीवाल्यांची यादी वाचली. आमचे वर्गशिक्षकही तेच. पहिलं नाव माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं. ती बपेऱ्याहून येणाऱ्या एसटीनं मधल्या एका खेड्यातून यायची. धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, ती दोन आठवड्यांच्या वर शाळेत नव्हती. "हजेरी भरली नाही तर बोर्डाचा फॉर्म अडकेल," सर म्हणाले. ती उभी राहिली, "हो सर" म्हणाली, बसली.

मी तिच्या कानाशी म्हटलं, "आता पाह्य मी काय करते."

"काही नको करू. बाबा येऊन भेटनार हायेत सरांले."

"भेटून काय होते? नियमच बदलवा लागते."

"राहू दे ना वो," ती म्हणाली आणि वही उघडली. मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

आमचं घर विणकराचं. बाबा कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. विणकरांच्या संघटनेची पत्रकं मी नववीपासून लिहायची. आधी अक्षर चांगलं म्हणून, मग ते मला जमायला लागलं म्हणून. संघटनेतल्या एका काकांनी मला शिकवलं होतं की 'विणकरांवर अन्याय' असं छापलं की लोक त्या कागदात भजी बांधतात. एक माणूस दाखवायचा. त्याचे हात दाखवायचे. वाचणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. लाज वाटली की लगेच मागणी टाकायची. वर्गात असं कुणालाच येत नव्हतं. म्हणजे खरं तर वर्गात मला ती मैत्रीण सोडून कुणी बोलायलाही नव्हतं. सतत चिडलेल्या मुलीच्या शेजारी कोण बसतं? ती बसायची. डबा उघडून म्हणायची, "आज कोणावर चिडली? जेवून घे, मंग चीड."

मला भाषणासाठी एक माणूस हवा होता. मी तिला घेतलं.

बांधीत मी कधी पाय ठेवला नव्हता. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, एवढं माहीत होतं. एसटीच्या खिडकीतून वाकलेल्या बाया दिसायच्या, तेवढीच माझी रोवणी. तिची आई त्या पावसाळ्यात आजारी होती, हे तिनं मला सांगितलं होतं. ती स्वतः लोकांच्या बांध्यांमध्ये रोवायला गेली होती, हेही सांगितलं होतं. या दोहोंच्या मधली जागा मी माझ्या मनानं भरली. आई आजारी, घरात तंगी, म्हणून पोरगी मजुरीला. पत्रकात तसंच असतं.

पाठांतर मी मागाच्या खोलीत केलं. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होते, मी भिंतीकडे तोंड करून हात हलवत होते.

धोटा थांबला. "कोणासंग भांडून राहिली वो?"

"भांडत नाही. भाषण हाय. इंग्रजीत."

"भिंतीले समजते का इंग्रजी?" ते हसले. मग म्हणाले, "कोणाबद्दल हाय?"

"मैत्रिणीबद्दल."

"तिले ऐकवलं?"

मी म्हटलं, "तिच्या भल्याचंच हाय." धोटा पुन्हा सुरू झाला.

भाषणाच्या दिवशी सरांनी मुख्याध्यापकांनाही बोलावलं. माझा नंबर सातवा होता. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे, 'लुक अॅट हर हँड्स.' मग चिखल, मग मिटलेलं पुस्तक, मग भुकेलं घर. भूक मी घातली, कारण त्या जागी काहीतरी जड हवं होतं. शेवटी मागणी, रोवणीचे दिवस गैरहजेरीत धरू नका. तिचं नाव मी घेतलं नाही आणि त्याचा मला अभिमान होता. पण वर्गातले सगळे चेहरे तिच्याकडे वळलेले होते. ती आपल्या हातांकडे बघत होती. मग तिनं ते बाकाखाली घेतले.

टाळ्या झाल्या. सर म्हणाले, यालाच म्हणतात पर्सुएसिव्ह. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

मी बाकावर येऊन बसले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झालं तुह्यं?"

मधल्या सुट्टीत मागच्या बाकांवरून आवाज आला, "ए, लुक अॅट हर हँड्स!" दुसऱ्यानं आपली पोळी पुढं केली. "घे वो बिचारी, भुकेली हायेस ना?" ती उठली, त्या पोराची पोळी घेतली, त्याच्याच वहीवर ठेवली आणि बाहेर गेली. मी मागे गेले. नळाजवळ तिला गाठलं.

"त्याइच्याकडे लक्ष नको देऊ."

"त्याइचं काय? सांगतलं कोनं?"

"मी तुह्या हजेरीसाठी..."

"आमी मजुरीले जातो म्हून कोनं सांगतलं तुले?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "त्या बाया आमच्या बांधीत रोवाले आल्या, म्हून आमच्या घरून मानूस त्याइच्या बांधीत जाते. दरसाल माय जाते. औंदा माय आजारी होती त मी गेली. त्याच्यात भूक कुठून आली?"

"मले माहीत नव्हतं."

"इचारलं असतं त सांगतलं असतं."

एवढी साधी गोष्ट होती. तिच्या गावात माणसाच्या बदल्यात माणूस जातो आणि ज्या घरून कोणी येत नाही त्या घराचं धान बाया रोवत नाहीत. सगळ्या गावात कुणीही ते सांगितलं असतं. मी पत्रक लिहून मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बोलावलं. हजेरी माफ झाली. माझी मागणी मान्य झाली, हेही लिहायला हवं. पण आधी वडिलांना खुर्ची न देता अर्धा तास ऐकवलं, मुलीच्या जिवावर घर चालवता का म्हणून. मग लिहून घेतलं की यापुढे मुलीला शेतात पाठवणार नाही. ते धुतलेला सदरा घालून आले होते. व्हरांड्यातून जाताना त्यांनी मला ओळखलं. "बरी हायेस ना बेटा?" म्हणाले. मी मान हलवली.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, भाषणातलं खोटं होतं, ते मजुरीला जात नाहीत, भूक मी घातली. ते माझ्याकडे मायेनं बघत राहिले.

"तुला कोणी धमकावलं का?"

"नाही सर. मीच चुकीचं बोलले."

"घाबरू नकोस. तू बोललीस ते मनापासून होतं, आम्हाला कळतं ते."

मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला लावलं. चार मिनिटांत मी त्यांचं मत असं बदलवलं होतं की ते आता माझ्याकडूनही हलत नव्हतं.

ती तिसऱ्या बाकावर बसायला लागली. माझ्या बाकावरची तिची जागा रिकामीच राहिली. त्या हिवाळ्यात मी डबा तसाच घरी परत न्यायची. आई म्हणायची, भाजी आवडली नाही का? मी हो म्हणायची.

जानेवारीच्या शेवटी उन्हाळी धानाची रोवणी लागली. तिच्या गावची दुसरी एक मुलगी वर्गात म्हणत होती की रविवारी माझ्या मैत्रिणीच्या घरून माणूस जायची पाळी आहे, मायचा दम अजून फुलतो, आणि पोरीबद्दल तर बापानं लिहून दिलं आहे. मी रविवारी सकाळची एसटी पकडली. घरी सांगितलं, अभ्यासाला जाते.

विचारत विचारत बांधीवर पोचले, तिथं नऊ-दहा बाया होत्या. मी सांगितलं, मैत्रिणीच्या घरचा माणूस म्हणून आले.

"तू?" एका म्हातारीनं माझे बूट बघितले. "तूच का वो ते इंग्रजीवाली?"

सगळ्या हसल्या. बूट काढून मी उतरले. पाणी थंडगार होतं. रोपांची जुडी हातात दिली, मी रोवत पुढं पुढं जाऊ लागले.

"ओ बाई, मांगं सरकत रोव! सोताचंच धान तुडवून राहिली!"

तासाभरात माझी ओळ वाकडी-तिकडी आणि अर्धी पाण्यावर तरंगत होती. म्हातारी म्हणाली, "पोरी, मन चांगलं हाय तुह्यं. पन हा मानूस नाही धरत आमी. त्याइच्या घरचा मानूस नाही आला म्हनूनच धरू." मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

तेव्हा ती आली. कुणी सांगितलं कोण जाणे. बांधाच्या धुऱ्यावर चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत खोवली आणि उतरली. हमीपत्राचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या ओळीत, अगदी सुरुवातीपासून, ती माझी रोपं उपटून नीट लावत आली. तिचे हात एवढे भराभर चालायचे की मला बोट आणि रोप वेगळं दिसत नव्हतं.

ती जवळ आल्यावर मी म्हटलं, "माह्यं चुकलं."

"हो," ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

मी वाट पाहिली. ती सरकत सरकत मागं गेली, बायांच्या रांगेत, आणि त्यांच्या गप्पांत शिरली. म्हातारीनं तिच्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या घरचा दिवस धरला गेला.

मी पाय न धुताच सडकेवर आले आणि एसटीची वाट पाहत उभी राहिले. सोमवारी ती तिसऱ्या बाकावरच बसली. मी तिला हाक मारली नाही.