खळग्यांचे फोड

माझ्या एका फोटोमुळे दादाने हातोडी खाली ठेवली, आणि तो राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझा थोरला भाऊ तांबट. त्याचा तांब्याचा हंडा नाशकात नुसत्या हातानेही ओळखावा. अंगभर बोटाच्या पेराएवढे खळगे, सगळे सारखे. गंगापूर रोडच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी हंडा सांगितला होता. तयार होताच मी ऐटीत फोटो काढून पाठवला. दादा जमिनीवर बसून, हंडा पायांत धरून ठोकतो, त्यामुळे त्याचा दिवाही जमिनीवरच.

लगेच फोन आला. "हंड्याला फोड आलेत. असला माल मुलीला देऊ?"

फोटोत खरंच फोड दिसत होते. दादाचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. हंडा समोर असताना हा वेडा माणूस माझा मोबाइल बघत बसला. म्हणाला, "डोळे गेले होतेच, आता हातही गेले. बंद करू."

माझं डोकंच फिरलं. हंडा स्कूटरला बांधला आणि तडक त्या गृहस्थांचा दिवाणखाना गाठला. पाहुणे बसलेले होते. बरंच झालं, मला प्रेक्षक लागतातच. गृहस्थांना डोळे मिटायला लावून त्यांचा हात हंड्यावर ठेवला. काय लागतंय? खळगे. आता फोटो बघा. फोड. मग मी मोबाइल उलटा धरला, आणि सगळे फोड आत गेले.

डोळा जन्मभर सूर्याखाली वावरलेला. उजेड वरूनच येणार, हे तो न विचारता धरून चालतो. दिवा खाली होता म्हणून खळग्यांची वरची बाजू उजळली, आणि डोळ्याने फुगवटा ठरवून टाकला.

गृहस्थ मोबाइल फिरवत म्हणाले, मजाच आहे हो. मजा! तिकडे घरी दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी हंडा कमरेवर घेतला, पाण्याला निघाल्यासारखा, आणि सांगितलं, आधी दादाला फोन, मग हंडा.

त्यांनी स्पीकरवर फोन लावला. डोळे मिटल्यापासून मोबाइल उलटा धरेपर्यंत सगळं सांगितलं. चुकलं, म्हणाले. पलीकडून दादाचा आवाज, "पुन्हा डोळे मिटा. बुडाकडून काठाकडे हात फिरवा. कुठे अडतो?"

मी हंडा पुढे केला. पाहुण्यांदेखत गृहस्थ डोळे मिटून हात फिरवत राहिले.

"नाही अडत."

"मग ठीक आहे."

फोन ठेवायचं दादा विसरला. थोड्या वेळाने त्यातून हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले.