येणाऱ्या फोनचा माणूस

“घंटी वाजनी म्हंजे कोनीतरी वाट देखी ऱ्हायनं,” चिंधा एकदा म्हणाला, आणि बूथमधलं स्टूल सोडून चालू लागला.

चिंधा पारोळ्याकडचा. सुरतेत लूमवर लागला आणि तिसऱ्या वर्षी डाव्या हाताची चार बोटं मशीनच्या दातांत गेली. मालकाने त्याच दुपारी त्या मशीनवर दुसरा माणूस उभा केला. कापडावरचं रक्त तेवढं कापून टाकलं. पुढे अपंगांच्या कोट्यातून चिंधाला सुरतेतल्याच नवागामात एसटीडी बूथ मिळाला.

मी टेलिफोन खात्यात कारकून होतो. त्याच्या अर्जावरचा शिक्का माझाच.

दोन वर्षांत त्या बूथचा नंबर खानदेशातल्या कितीतरी गावांना पाठ झाला. सरपंचाच्या नाहीतर किराणा दुकानाच्या फोनवरून कुणाची तरी बायको, कुणाचा तरी भाऊ बोलायचा. चिंधा म्हणायचा, “दहा मिन्टांनी परत लाव.” मग तो शेडमध्ये जायचा. लूमच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही. ज्याचा फोन त्याच्या खांद्यावर तो पाठीमागून हात ठेवायचा, नुसता अंगठा आणि तळवा. त्या स्पर्शाने माणूस वळायच्या आधीच पांढरा पडायचा; गावचा फोन बहुधा वाईट बातमीचाच. येणाऱ्या फोनवर बूथवाल्याला एक पैसा मिळत नाही. तरी तो जायचा. तेवढ्यात घंटी वाजली तर कुणीतरी उचलायला हवं, म्हणून शेजारी भाजी विकणारी अनुसया त्याच्या स्टुलावर बसायची.

ते सत्त्याण्णव साल होतं. खात्यात ‘स्पर्धा’ आणि ‘ग्राहक’ हे शब्द उघड्या मिठाईवरच्या माशांसारखे घोंघावत होते. दिल्लीत नवं नियामक प्राधिकरण बसलं होतं. हिरेवाल्यांच्या खिशात मोबाइल आले होते, आणि आमच्याकडे साध्या फोनसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्यांचे अर्ज वाळवीला जात होते. कापड बाजारातले अर्धे बूथ अपंगांच्या नावावर होते. चालवत व्यापारी होते. तपासणीच्या दिवशी ज्याच्या नावावर बूथ तो लंगडा नाहीतर आंधळा रिक्षातून आणून स्टुलावर ठेवायचा, सही झाली की परत पोचवायचा. हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. चहासुद्धा त्या व्यापाऱ्यांचाच यायचा. मीही प्यायलो आहे.

नवागामच्या नाक्यावर हसमुखभाईंचं मोठं दुकान होतं. त्यांना चिंधाची लाइन तिथे हवी होती. ‘नाव तुझं, दुकान माझं, तू घरी बस,’ असा निरोप त्यांनी दोनदा पाठवला. चिंधा दोन्ही वेळा नाही म्हणाला. महिन्याभरात आमच्याकडे निनावी तक्रार आली.

तपासनीस गेला तेव्हा चिंधा योगेश नावाच्या लूम कामगाराला बोलवायला शेडमध्ये गेला होता. योगेशचा बाप गावी शेवटच्या घटका मोजत होता. तपासनिसाने फॉर्म पुढे केला आणि स्टुलावर बसलेल्या अनुसयेने, सरकारी माणूस म्हणतो म्हणून, ‘चालक’ लिहिलेल्या चौकटीत अंगठा उठवला. योगेशला उधना स्टेशनावरून भुसावळ पॅसेंजर मिळाली. बापाचं तोंड दिसलं. चिंधाला परवाना रद्द करण्याची नोटीस मिळाली.

सुनावणी आमच्या खात्याच्या चंद्रकांत पुराणिक साहेबांसमोर होती. टेबलावर फायलीशेजारी त्यांचा नवा मोबाइल, मखमली कापडावर ठेवलेला. हसमुखभाई आधीच खुर्चीत होते. चिंधा आणि अनुसया उभे.

“परवानाधारकाने स्वतः बसायचं. नियम आहे,” साहेब म्हणाले.

“सायेब, अंगठा मी देल्ला,” अनुसया म्हणाली. वऱ्हाडी बाई, आवाज बाजाराचा. “मंग शिक्षा मले द्या. माही कोथिंबीर बंद करा.”

“मावशी, तुम्ही गप्प बसा.”

“बसाले खुर्ची तं द्या मंग!”

हसमुखभाई पोट हलवून हसले. साहेब चिंधाकडे वळले.

“येणाऱ्या फोनवर तुला काय मिळतं?”

“काहीच नाही, साहेब.”

“मग बूथ टाकून पळतोस कशाला? कोण विश्वास ठेवील? तू बूथ या बाईला चालवायला दिलास, असंच दिसतं कागदावर.”

“योगेशला विचारा. त्याचा बाप—”

“इथे बापाचा रकाना नाही.” मग साहेबांचा आवाज मऊ झाला. तो मऊपणा मला अजून घशात जाणवतो, शिळ्या तुपासारखा. “हे बघ, आपण एका भाषेचे. तुझं वाईट करायचं नाही मला. जागा बदलायचा अर्ज दे. बूथ यांच्या दुकानात जाईल. नाव तुझंच राहील. नोटीस मी फाडतो.”

“घेर बेसी ने आराम कर, भाई,” हसमुखभाई म्हणाले. “तपासवा आवे तो गाडी मोकलीश.” तपासणीला न्यायला गाडी पाठवायचीही तयारी होती.

“आन् गावचा फोन?” चिंधाने विचारलं.

“मारी दुकान छे, चावडी नथी.”

साहेबांनी मला खूण केली. अर्ज मीच टाइप केलेला होता, आदल्या दिवशी. तो मी पुढे सरकवला. चिंधाने पेन उचललं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. साहेबांनी पडद्यावरचा नंबर पाहिला आणि फोन तसाच कापडावर ठेवला. “घरून आहे,” ते हसमुखभाईंना म्हणाले. “येणारा फोन उचलला तरी आपल्यालाच मीटर पडतं. दमतील आणि ठेवतील.”

दोघं हसले. मीही हसलो असेन.

घंटी वाजत राहिली. चिंधाचा डावा हात टेबलावरून त्या फोनकडे निघाला, आपोआप, खांद्याकडे जायचा तसा. मध्येच थांबला. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेन सहीच्या कोऱ्या जागेवर आडवं ठेवलं, खिशातून बूथची किल्ली काढून त्या मखमलीवर, वाजणाऱ्या फोनशेजारी ठेवली.

“अरे, सही?” साहेब म्हणाले.

अनुसयेने टोपली उचलली. चिंधाने तिच्यासाठी दार धरलं, आणि तिच्या मागून बाहेर पडला.