चारही गाड्यांना एकच वारा

विठोजी सही करायला बसला आणि तिसऱ्या ओळीवरच त्याचं टाळकं फिरलं.

कानडी मुलखातल्या गवीपूरच्या जुन्या मराठा घरातला हा माणूस. वडील दारं-खिडक्या करायचे. विठोजी होसकोट्याच्या एका खासगी चाचणी केंद्रात बावीस वर्षं मोटारींची लाकडी मॉडेलं घडवत होता. तिथल्या लांब बोगद्यात मॉडेलवर पंख्याचा वारा सोडायचा आणि तो गाडीला किती मागे खेचतो, म्हणजे ड्रॅग किती, ते मोजायचं. आकडा जितका कमी, तितकी गाडी वाऱ्यातून सहज निसटणार.

यंदा शहरातल्याच एका नव्या कंपनीने आपली स्पोर्ट्स कार तीन परदेशी गाड्यांशी ताडून बघायला दिली होती. चारही मॉडेलं विठोजीच्याच हातची. जर्मन गाडीचा आकडा आला ०.३१, जपानी ०.३३, इटालियन ०.३४, आणि घरच्या गाडीचा ०.३६. रिपोर्टात मात्र तिच्यापुढे ०.३० लिहिलं होतं. खाली ‘चारही मॉडेलं सारख्याच स्थितीत तपासली’ हे वाक्य, आणि त्याच्या सहीला जागा.

केंद्रात हा प्रकल्प सांभाळणारा शुभंकर मूळचा पुण्याचा. त्याने काही लपवलं नाही. विठोजी रजेवर असताना फक्त घरच्या गाडीचे आरसे काढले होते, पुढची जाळी टेपने बंद केली होती, फटी बुजवल्या होत्या.

“आकडा खोटा नाहीये, अण्णा. मशीननेच दिलाय,” तो म्हणाला.

“शर्यतीत एकाच्याच पाठीवरचं ओझं उतरवलंस, आणि वर मला सांगतोस घड्याळ बरोबर आहे?”

सही राहिली बाजूला. विठोजीने उरलेल्या तिन्ही गाड्यांचेही आरसे काढले, जाळ्या बंद केल्या, फटी बुजवल्या. बोगदा चालवणाऱ्या अनुषाला त्याने पंखा लावायला सांगितलं. तिन्ही आकडे खाली आले. घरची गाडी पुन्हा शेवटची.

नव्या आकड्यांचा कागद त्याने केंद्राच्या मालकापुढे, श्रीरंगपुढे आपटला. श्रीरंगने तो वाचलाही नाही. गिऱ्हाईक खूश आहे, या वयात एवढा राग बरा नव्हे, असं काहीसं पुटपुटत त्याने रिपोर्टावर स्वतःच सही ठोकली. विठोजीने आपली पटाशी, रंधा, कानस पिशवीत भरली आणि तो निघाला तो परत गेलाच नाही.

घरी राग अंगात मावेना. रिक्षावाल्याशी भांडण, दूधवाल्याशी भांडण. “स्वल्प, जरा गप्प बसा की,” बायको मथुरा म्हणायची, “भिंतींनी तरी किती ऐकायचं?” मारतहळ्ळीला त्या गाडीचा फलक लागला, ‘सर्वांत कमी ड्रॅग’. तो बघून भर उन्हात विठोजी बसमधून मध्येच उतरला आणि पायी चालत सुटला.

तीन महिन्यांनी त्या कंपनीची डिझायनर आश्लेषा पत्ता काढत घरी आली. ट्रॅकवर गाडी ठरलेला वेग गाठत नव्हती. इंजिन दोनदा तपासून झालं होतं. आकार उत्तम आहे असं रिपोर्टच सांगत होता, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता. अनुषाने तिला विठोजीचं नाव सांगितलं होतं.

विठोजीने तिला बसाही म्हटलं नाही. उभ्या-उभ्याच सगळं सुनावलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं, तरी त्याचा आवाज उतरेना. मथुराने मध्ये पडून तिच्या हातात कॉफी दिली.

“वारा गाडीचं अंग सोडून कुठे फाटतोय, दाखवाल?” आश्लेषाने विचारलं.

“आधी तो फलक उतरवा.”

ती गेली. फलक उतरायला अकरा दिवस लागले. मग तिने पुन्हा फोन केला, आणि विठोजीने कंपनीच्याच शेडमध्ये नवं मॉडेल घडवायला घेतलं: आरसे बारीक, मागचा भाग लांब निमुळता. दुसऱ्या केंद्रात चारही गाड्या उघड्या जाळ्यांनी तपासल्या. घरच्या गाडीचा आकडा ०.३२ आला. दुसरा नंबर.

श्रीरंगने परत कामावर बोलावलं, तेव्हा विठोजीने फोनवरच त्याला अशा काही शब्दांत झापलं की मथुराने उठून दार लावून घेतलं.