पथ्याबाहेरचं शहाळं

"समुद्रावर? आणि सोमवारचं डायलिसिस कुठं करणार, वाळूत?" डॉक्टर सरांनी फाइल मिटली.

वैशाली बेडवर पडून होती. हातात दोन सुया, शेजारी मशीन चालू. सरांकडे न बघता ती म्हणाली, "पोरं दोन वर्षं कुठं गेली नाहीत, सर. माझ्यामुळं."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

मी बारामतीतल्या एका डायलिसिस युनिटची इन्चार्ज टेक्निशियन. वैशाली निरवांगी गावची. पस्तिशीच्या आतली बाई. नवरा संतोष एका कंपनीत फिटर, घरी थोडी शेती, शाळेत जाणारी दोन मुलं. तिचं बीपी वाढत गेलं, डोकं दुखतंय म्हणून ती गोळ्या खात राहिली, आणि रिपोर्ट हातात आला तोवर दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या.

किडनी रक्त गाळते. ती बंद पडली की तेच काम मशीनवर करावं लागतं. वैशालीचे वार ठरलेले होते: सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार मधे दोन दिवस मोकळे जातात. आम्ही त्याला लाँग गॅप म्हणतो. त्या काळात पेशंट जे खातो-पितो ते अंगातच साठत राहतं. म्हणून पाणी मोजून, फळं जवळजवळ बंद. आणि शहाळं तर अजिबात नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. तुमची-माझी किडनी ते बाहेर टाकते. आमच्या पेशंटच्या रक्तात ते वाढत जातं आणि हृदय बंद पाडू शकतं.

"जाऊ द्या तिला," मी सरांना म्हणाले. "सोमवारचा स्लॉट मी तिकडं बघते."

रिसॉर्ट रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर होतं. तिथून जवळच्या गावात एक छोटं डायलिसिस युनिट सापडलं. तिथला टेक्निशियन तांडेल फोनवर म्हणाला, "जागा नाही हो. सुट्टीत सगळे इकडंच येतात." मी तीनदा फोन केला. शेवटी त्यानं आपल्या एका पेशंटला दुपारी बोलावलं आणि वैशालीसाठी सकाळ मोकळी केली. रक्ताच्या तपासण्या करून रिपोर्ट पाठवले. पथ्य तर तिला आमच्या डाएटिशियनपेक्षा चांगलं पाठ होतं.

एकाच माणसाचा अंदाज मला नव्हता. तिच्या सासूचा.

त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. दोन वर्षांत त्या युनिटमध्ये एकदाही आल्या नव्हत्या. कारण आम्हाला माहीत होतं. सुरुवातीलाच संतोष किडनी द्यायला तयार झाला होता. रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्यांची तारीख ठरली, आणि आत्याबाई दारात आडव्या झाल्या. "माझा एकच ल्योक हाय. त्याला कापू द्यायची न्हाय." संतोषनं विषय सोडला. वैशालीनं तो पुन्हा काढला नाही. एका घरात दोघी राहत होत्या, कामापुरतं बोलत होत्या. पोरांना सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून संतोषनं आईलाही सहलीला घेतलं.

शुक्रवारी मशीनवरून उतरताना वैशाली मला म्हणाली, "मॅडम, शंख आणू का तुम्हाला?"

"तू नीट ये. बाकी काही नको," मी म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी संतोषनं फोटो पाठवला. गुडघाभर पाण्यात दोन पोरं, मागं वैशाली साडी वर खोचून उभी. तिला असं मोठ्यानं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी फोटो युनिटमध्ये सगळ्यांना पाठवला.

रविवारी दिवस मावळायच्या आधी आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात बसलो होतो. जयंतीच्या तयारीची मीटिंग चालू होती. मंडप कुणाचा घ्यायचा यावर वाद चालला होता, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, हिला उठता येईना झालंय." संतोषचा आवाज कोरडा पडला होता. "पायात जीव न्हाय म्हणतीय. ओठाला मुंग्या आल्यात."

मी चपला न घालताच बाहेर आले. "छातीत काही होतंय का?"

"धडधड होतीय म्हणती. मधेच ठोका चुकल्यागत वाटतंय."

"आज काय खाल्लं?"

"पथ्याचंच. डबा आम्ही घरनं आणलाय. खरंच दुसरं काय न्हाय."

"संतोष, नीट आठव. पाणी, फळ, सरबत?"

मागून बाईचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आई म्हणतीय, तिनं शहाळं दिलं. सकाळी एक, दुपारी एक. उन्हाचं पोटात गार पडंल म्हणून."

दोन शहाळी, तीही लाँग गॅपमध्ये. पण आवाज चढवून चालणार नव्हतं.

"आता ऐक. गाडी काढ. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ने. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे बोलायचं: डायलिसिस पेशंट आहे, पोटॅशियम वाढलंय, आधी ईसीजी काढा. बाकीचं सगळं नंतर. म्हणून दाखव."

त्यानं म्हणून दाखवलं. मी पुन्हा म्हणायला लावलं.

मग सरांना फोन केला. ते तिथल्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांशी बोलले. मी तांडेलला फोन लावला. रविवार असल्यामुळं त्याचं युनिट बंद होतं. तो घरी पाहुण्यांत बसला होता.

"येतो," तो म्हणाला. "पण पाण्याचा प्लांट चालू करून मशीन धुऊन घ्यायला वेळ लागेल. तोवर धरून ठेवा तिला."

डायलिसिसला साधं पाणी चालत नाही. ते खास गाळून घ्यावं लागतं, मशीन आतून स्वच्छ करावं लागतं. घाई करता येत नाही. तोवर पेशंटला इंजेक्शनवर सांभाळायचं. ईसीजीत हृदयाचे ठोके कागदावर उमटतात. वैशालीच्या कागदावरच्या लाटा टोकदार झाल्या होत्या, म्हणजे हृदयावर परिणाम सुरू झाला होता. कॅल्शियम दिलं. त्यानं पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला फक्त थोडा वेळ मिळतो. मग ग्लुकोज आणि इन्सुलिन, पोटॅशियम तात्पुरतं रक्तातून पेशींत ढकलायला.

मी विहाराच्या पायरीवर बसून राहिले. आतली मीटिंग कधी संपली ते कळलं नाही. माझ्या मनात एकच होतं: जाऊ द्या तिला, असं मीच म्हणाले होते.

तांडेलचा फोन आला. "हॉस्पिटलमधून आणून मशीनवर घेतली. बोलतेय. पोरं कुठं आहेत विचारतेय."

मी "बरं" म्हणाले. मग सरांना कळवलं.

बुधवारी वैशाली आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला होता. सुया लावून झाल्यावर मी रागातच विचारलं, "शहाळं चालत नाही, हे तुला माहीत नव्हतं?"

"व्हतं की, मॅडम."

"मग?"

ती मशीनकडे बघत म्हणाली, "आत्याबाई स्वतः गेल्या, त्या माणसाकडून फोडून घेतलं, पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, पी बाय, लई वाळलीस. दोन वर्षांत मला त्यांनी असं काय दिलं नव्हतं. न्हाय कसं म्हणू?"

"आणि दुपारचं?"

"सकाळी काय झालं नाही. वाटलं, होतंय सहन."

मला रागावता आलं नाही.

त्या दिवशी आत्याबाईही आल्या होत्या. पहिल्यांदाच. दारातच थबकल्या. नळ्यांतून फिरणारं रक्त बघत म्हणाल्या, "हे समदं रगत हिचंच?"

"हिचंच. बाहेर काढायचं, गाळायचं, परत आत सोडायचं."

"आन् हे किती दिस?"

"किडनी मिळत नाही तोवर. नाहीतर कायमचं."

त्या स्टुलावर टेकल्या. "शहाळं तर आजाऱ्याला देत्यात, बाई. दवाखान्यात जाताना आमी नेतोच की."

"सगळेच नेतात. हिला तेवढं चालत नाही."

"हिनं सांगितलं का न्हाय मला?"

वैशालीनं डोळे मिटले होते, पण ती झोपलेली नव्हती. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

जाताना त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "माझी किडनी बसंल का हिला?"

मी त्यांना सरांकडे नेलं. त्यांना जुनी शुगर होती. सरांनी समजावून सांगितलं की त्यांची किडनी घेता येणार नाही. त्यांनी मान हलवली. संतोषचं नाव काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. तो निर्णय आमचा नव्हता.

त्यानंतर त्या बरेचदा सुनेबरोबर येऊ लागल्या. एसटीनं यायच्या, बाहेर बाकावर बसायच्या, सुया निघाल्या की आत यायच्या. पाऊसकाळ गेला. एका सोमवारी संतोष एकटाच मला भेटला. "आई म्हणाली, तपासण्या करून घे," तो म्हणाला. "कालपासनं जेवली न्हाय, पण म्हणाली."

ऑपरेशन पुण्यात झालं. संतोषची किडनी तिच्या अंगात चालली. वैशालीच्या गोळ्या जन्मभर चालू राहतील, तपासण्याही. संतोष कामावर रुजू झाला. आत्याबाई मात्र अजून त्याला भरलेली बादली उचलू देत नाहीत, आणि ऑपरेशनची खूण दाखवतो म्हटलं तर तोंड फिरवतात. वैशालीनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला हसू आलं नाही. म्हातारीनं काय दिलं होतं ते मी पाहिलं होतं.

आता आमच्या युनिटमध्ये नवीन पेशंट आला की पथ्य सांगायला मी त्याला एकट्याला बसवत नाही. घरात जो कोणी ताट वाढतो त्याला घेऊन या, म्हणून सांगते. सासू, आई, मोठी जाऊ, कुणीही. पेशंटचं पथ्य पेशंट क्वचित मोडतो. बहुतेक वेळा ते मायेनं मोडलं जातं, आणि मायेला नाही म्हणायची ताकद आजारी माणसात नसते.