आमदारांसाठी दोन मिनिटं

सुपेल्याच्या बाजारात झेंडूच्या हारांचा वास आला की मला आमच्या मंडळातला तो सत्कार आठवतो. मी शाळेत होतो तेव्हापासून निवडून येणारे आमदार आले होते आणि त्यांच्या सहीशिवाय वाचनालयाला छत मिळणार नव्हतं. एरवी मंडळाच्या शोकसभा मीच चालवायचो. त्या सवयीनं त्यांची सगळी कारकीर्द सांगून झाल्यावर मी म्हणालो, "आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." सगळे उभे राहिले, आमदारही. त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेलं, भाऊ?" "तुमीच, साहेब," माझ्या तोंडून निघून गेलं. ते हसले. "मंग आना तो छताचा अर्ज. आता सही नाही केली तं कवा करू?" मागच्या महिन्यात त्याच छताखाली त्यांची खरी शोकसभा झाली. माईक मला कोणी दिला नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या. मी छताकडे बघत होतो.